लाईट गेले तरी टीव्ही चालू राहावा म्हणून: डिजिटल प्रक्षेपणानंतरची तयारी

माझ्या कपाटात एक पाच इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पडून आहे. मागे जाडजूड सेल घालायचे, वरची दांडी ओढून उभी करायची, की बाहेर वादळ असो वा घरात अंधार, बातम्या सुरू व्हायच्या. आज तो लावला तर नुसत्या मुंग्या. बिघडलेला नाही तो. त्याला समजणारं अ‍ॅनालॉग प्रक्षेपणच आता होत नाही.

नेदरलँड्सने ते २००६ मध्ये बंद केलं, अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी, ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये. जपानची तारीख होती २४ जुलै २०११. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली, म्हणून इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. डिजिटलने चित्र सुधारलं, वाहिन्या वाढल्या. गेलं ते एवढंच की लाईट गेल्यावर सेलवर चालणारा टीव्ही आपोआप हाताशी असायचा, तो आता मुद्दाम जमवावा लागतो. काही रेडिओंवर टीव्हीचा आवाज ऐकायची सोय असायची, तीही त्याच दिवशी संपली, कारण अ‍ॅनालॉगमध्ये आवाज साध्या एफएमवर जायचा आणि डिजिटलमध्ये तो चित्रासकट आकड्यांत बांधलेला असतो.

जमवाजमव अवघड नाही, फक्त क्रमाने करायला हवी. बहुतेक जण पहिल्यांदा बॅटरी विकत घेतात. ती चौथ्या पायरीवर येते.

पायरी १: चित्र घरात येतं कुठून?

अँटेनावर टीव्ही बघत असाल तर तुम्ही नशीबवान. मोठ्या प्रक्षेपण केंद्रांकडे सहसा स्वतःचे जनरेटर असतात, तुमच्या गल्लीतल्या अंधाराशी त्यांचं देणंघेणं नाही. घरातली साधनं चालली की काम झालं.

डिश असेल तर जवळपास तीच गोष्ट. उपग्रहाला वीज मंडळाची गरज नाही, आणि डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडून खाली पाठवणारा छोटा डबा) लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट सेट-टॉप बॉक्सच त्याच केबलमधून वर पाठवतो. म्हणजे बॉक्स आणि टीव्ही दोघेच जगवायचे. खोट एवढीच की मुसळधार पावसात डिशचा सिग्नल पडतो, आणि लाईटही नेमके तेव्हाच जातात.

केबल मात्र बेभरवशाची. वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. त्यांचा बॅकअप संपला की तुमच्याकडे ट्रकची बॅटरी असली तरी पडदा कोराच. फायबरवरून इंटरनेट येत असेल तर वाटेतले फाटे विजेशिवाय चालतात, त्यामुळे पलीकडचं केंद्र जिवंत असेल आणि तुम्ही घरातले मोडेम-राउटर बॅटरीवर लावले तर चित्र येऊ शकतं. मोबाईलच्या टॉवरांना बॅटरी असते, पण ती काही तासांची, आणि त्या वेळी अख्खं गाव फोनला चिकटलेलं असतं.

माझं मत: अँटेना पहिली, डिश दुसरी. बाकीचं चाललं तर बोनस समजा.

इमारतीत राहणाऱ्यांनी एक चक्कर गच्चीवर मारावी. सामाईक अँटेना किंवा डिश असेल तर तिचा वाटणारा डबा जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या मीटरवर चालतो. तो मेला की सगळ्या मजल्यांचा टीव्ही मेला. अशा वेळी खिडकीत स्वतःची छोटी अँटेना हाच उपाय.

पायरी २: अडॅप्टरची पाठ वाचा

सेट-टॉप बॉक्सचा भिंतीत खोचलेला काळा चौकोनी अडॅप्टर काढा आणि उजेडात उलटा धरा. बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ शोधा. तिथे १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं काहीतरी असेल. आकड्यांच्या मध्ये एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ दिसली तर तो डीसी, म्हणजे बॅटरीवर चालू शकणारा. शेजारी दोन लहान गोल आणि मध्ये एक ठिपका असं चित्र असतं. अधिकचं चिन्ह मधल्या ठिपक्याला जोडलेलं असेल तर पिनच्या आतली बाजू प्लस. हे उलटं झालं तर बॉक्स जळू शकतो, म्हणून डायरीत लिहून ठेवा. मी अडॅप्टरचा फोटो काढून ठेवतो. ऐन वेळी मेणबत्तीच्या उजेडात ती अक्षरं वाचता येत नाहीत.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ आणि १.५ चे १८ वॅट होतात, पण ही अडॅप्टरची कमाल ताकद झाली. साधा अँटेनाचा सेट-टॉप बॉक्स प्रत्यक्षात बहुधा १० वॅटच्या आतच खातो, डिशचा थोडा जास्त. टीव्हीचे वॅट त्याच्या पाठीवर छापलेले असतात. २४ इंची एलईडी साधारण २० ते ३० वॅट, ३२ इंची ४० ते ५०. त्याहून मोठ्या टीव्हीचा या कामासाठी विचारही नको.

अडॅप्टर नसेल आणि वायर थेट बॉक्सच्या पोटात जात असेल, तर तो बॅटरीला सरळ जोडता येणार नाही. त्याला इन्व्हर्टर हवा.

पायरी ३: पडदा निवडा

सगळ्यांत सुटसुटीत म्हणजे आत बॅटरी असलेला छोटा डिजिटल टीव्ही, सात ते चौदा इंचाचा. एका चार्जिंगमध्ये दोन ते चार तास चालतो आणि बहुतेकांना गाडीच्या सॉकेटमधून १२ व्होल्ट देता येतात. घेण्याआधी मात्र प्रक्षेपणाची पद्धत तपासा, कारण जगभर एकच पद्धत नाही. युरोप, भारत आणि आफ्रिकेचा मोठा भाग डीव्हीबी वापरतो, उत्तर अमेरिका आणि दक्षिण कोरिया एटीएससी, जपान आणि ब्राझील आयएसडीबी, चीन डीटीएमबी. परदेशातून कुणी प्रेमाने आणलेला टीव्ही इथे चालेलच असं नाही. डीव्हीबीतही जुनी टी आणि नवी टी-टू या आवृत्त्या वेगळ्या, फक्त टी समजणाऱ्या टीव्हीला टी-टूचा पत्ताच लागत नाही. जर्मनीने २०१७ पासून टी-टूसोबत एचईव्हीसी ही चित्र आवळण्याची नवी पद्धत आणली, तेव्हा आधीचे बरेच संच निकामी झाले. वाहिनी सापडते, आवाजही येतो, पण पडदा काळा, असं झालं तर संशय याच आवळण्याच्या पद्धतीवर घ्यावा.

जपान्यांनी एक सुंदर सोय केलेली आहे. त्यांच्या प्रक्षेपणात प्रत्येक वाहिनीचे १३ भाग असतात आणि त्यातला एक भाग फक्त हातातल्या छोट्या उपकरणांसाठी राखलेला असतो. वन-सेग म्हणतात त्याला. २००६ च्या एप्रिलपासून सुरू आहे. चित्र जाडंभरडं, पण हलत्या गाडीतही टिकतं आणि बॅटरी कमी खातं. ही दूरदृष्टी सगळ्यांनी दाखवली असती तर हा लेख अर्ध्यावर संपला असता.

लॅपटॉप असेल तर यूएसबी ट्यूनर घ्या. पेन ड्राइव्हएवढा असतो, अँटेनाची वायर त्यात आणि तो लॅपटॉपमध्ये. पडदा, स्पीकर आणि बॅटरी सगळं आधीच घरात असतं. ५० वॅट-तासांची बॅटरी असलेला लॅपटॉप असा दोन-अडीच तास चालतो. त्याचं सॉफ्टवेअर मात्र लाईट आणि इंटरनेट असतानाच टाकून ठेवा.

आणि माझ्या कपाटातला म्हातारा? त्याच्या मागे एव्ही पिन (बाहेरून चित्र आणि आवाज घ्यायची जागा) असेल, तर बॉक्स जोडून तो अजूनही चालतो. मी करून पाहिलं आहे. पण बॉक्सची एक बॅटरी, टीव्हीची दुसरी, वायरींचा गुंता, आणि बातम्यांखालची पट्टी पाच इंचांत वाचता येत नाही. हौस म्हणून ठीक. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्यावर हा प्रयोग लादू नये.

पायरी ४: आता बॅटरी

हिशोब एकच: बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास, त्याला उपकरणांच्या वॅटनी भागलं की तास. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. कागदावर ८४ वॅट-तास. पण ही शिसं-आम्लाची जात, ती अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. म्हणजे हातात आले ४२. दहा वॅटचा छोटा टीव्ही चार तास निघेल. तेच २४ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून ३० वॅट धरले आणि मध्ये इन्व्हर्टर आला, तर इन्व्हर्टरही आपलं कमिशन घेतो, बॅटरीतून ३५ वॅट जातात आणि तासाभराने खेळ आटोपतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण ती ८०-९० टक्के वापरता येते आणि वजनाने हलकी.

पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं बघून हुरळू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ७४ वॅट-तास झाले, आणि व्होल्ट वाढवण्यात घट होऊन हाती साठेक लागतात. तेही वाईट नाही. ५ व्होल्टचे १२ करणारी तयार वायर मिळते आणि छोटा बॉक्स तिच्यावर आरामात चालतो. बॉक्स सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, पुन्हा सुरू, पुन्हा बंद, तर बँकेचं पोर्ट पुरेसा प्रवाह देत नाही असं समजा. टाइप-सी पोर्टमधून थेट १२ व्होल्ट घ्यायचे असतील तर बँकेवर १२ हा आकडा छापलेला आहे का ते बघा. ५, ९, १५ आणि २० लिहिलेलं असतं आणि नेमकं १२ गायब, असं पुष्कळदा होतं.

यूपीएस घरात असेल तर वेगळी खरेदी कशाला? टीव्ही आणि बॉक्स त्याला लावा. पण काही यूपीएस लाईट गेलेले असताना बंद अवस्थेतून सुरूच होत नाहीत. लाईट जायच्या आधी चालू असतील तरच पुढे चालतात. आणि तो दर काही सेकंदांनी टुंईऽ करतो. आवाज बंद करायचं बटण आधीच शोधून ठेवा, नाहीतर घरचे टीव्हीसकट तुम्हाला बाहेर काढतील.

सुटी बॅटरी वापरणार असाल तर प्लसच्या वायरीत, बॅटरीच्या जवळ, दोन-तीन अँपिअरचा फ्यूज घालाच. वायरी अंधारात एकमेकींना टेकल्या तर ही छोटीशी बॅटरी वायर लाल करू शकते.

गाडीची बॅटरी चालेल का? दहा वॅटच्या टीव्हीला तीन तास म्हणजे अडीच अँपिअर-तास. ४५ च्या बॅटरीला त्याचं काहीच नाही. मोठा टीव्ही इन्व्हर्टर लावून रात्रभर चालवलात तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. इंजिन चालू असताना सॉकेटमध्ये १२ नव्हे, १४ च्या वर व्होल्ट येतात, म्हणून नाजूक टीव्हीला मध्ये व्होल्ट स्थिर ठेवणारा अडॅप्टर हवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. दार उघडं ठेवूनही नाही. जनरेटरचंही तेच: घरात नाही, बाल्कनीत नाही, खिडकीखाली नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस टीव्ही बघता बघता पेंगतो आणि उठत नाही.

पायरी ५: अँटेना, आणि ती कपाटामागची लाल लाईट

सगळी तयारी केल्यावर पहिल्याच वादळात मी इथे आपटलो. पोर्टेबल टीव्ही पूर्ण चार्ज केलेला. लाईट गेल्याबरोबर ऐटीत बाहेर काढला आणि छपरावरच्या अँटेनाची वायर त्याला लावली, कारण तिचं चित्र सगळ्यांत चांगलं. पडद्यावर ‘सिग्नल नाही’. वायर काढली, घातली, पिन फुंकरली, टीव्ही दोनदा बंद-चालू केला. अर्धा तास गेला. शेवटी वैतागून टीव्हीसोबत आलेली वीतभर दांडी लावून तो खिडकीत ठेवला, तर तीन वाहिन्या आल्या! मोठी अँटेना गप्प आणि दांडी बोलतेय, हे कोडं दुसऱ्या दिवशी सुटलं. छपरावर बूस्टर होता. त्याचा अडॅप्टर कपाटामागच्या सॉकेटमध्ये, धुळीत, वर्षानुवर्षं एक लाल ठिपका मिणमिणत ठेवून बसलेला. लाईट गेले, ठिपका विझला. वीज नसलेला बूस्टर सिग्नल वाढवत तर नाहीच, उलट येणारा सिग्नलही बहुतेक अडवतो.

म्हणून अँटेनापासून टीव्हीपर्यंत वायर हाताने चाचपत जा आणि वाटेत कुठे काही विजेवर चालतंय का बघा. बूस्टरचा अडॅप्टर १२ व्होल्ट डीसी निघाला तर तोही बॅटरीवर घ्या, खातो अगदी थोडं. बॉक्सच्या मेनूमध्ये ‘अँटेना पॉवर’ असा पर्याय असेल तर तो ५ व्होल्ट वर पाठवतो. बूस्टर ५ व्होल्टचा असेल तरच तो सुरू करा. सगळं डोक्यावरून जात असेल तर बूस्टर नसलेली दुसरी साधी अँटेना जवळ ठेवा.

दांडीची अँटेना पूर्ण ओढली की सगळ्यांत चांगली, हा जुना समज. डिजिटल वाहिन्या बऱ्याचदा यूएचएफवर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात असतात. ५०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ६० सेंटिमीटर, आणि एकट्या दांडीला तिचा चौथा हिस्सा पुरतो, म्हणजे १५ सेंटिमीटर. साधारण एक पेन. व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यावरच्या वाहिन्यांना, २०० मेगाहर्ट्झच्या आसपास, ३७ लागतात. बुडाशी लोहचुंबक असेल तर दांडी लोखंडी ट्रंकेवर किंवा फ्रिजवर चिकटवा, फरक पडतो.

अँटेना फिरवायची रीतही बदलली आहे. पूर्वी मुंग्या कमी होताना दिसायच्या, तसतसं फिरवत जायचं. डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकडे पडून गोठलेलं, नाहीतर नाहीच. शिवाय सिग्नल सापडल्यावर तो जुळवून घ्यायला टीव्हीला दोन-चार सेकंद लागतात. भराभर फिरवलंत तर योग्य जागा हातातून निसटून जाईल आणि कळणारही नाही. बोटभर सरकवा, पाच आकडे मोजा, पुन्हा सरकवा. सिग्नलची पट्टी पडद्यावर आणता आली तर उत्तम.

इन्व्हर्टर अँटेनापासून दोन हात लांब ठेवा, त्याचा विजेचा कलकलाट व्हीएचएफवर बसतो.

पायरी ६: रंगीत तालीम

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मेन स्विच खाली करा. खरंच करा, मनातल्या मनात नको. कोणती वायर कुठे आहे, टॉर्च कुठे आहे, बॅटरीला पिन बसते का, मेनूची भाषा आईला कळते का, सगळं दहा मिनिटांत बाहेर येतं. छोट्या टीव्हीची वाहिन्यांची यादी मोठ्यापेक्षा वेगळी असते, म्हणून त्यावर स्वतंत्र स्कॅन करा, आणि तोही ज्या अँटेनावर बघणार तीच लावून. केंद्रं अधूनमधून फ्रिक्वेन्सी बदलतात, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि चार्जिंग एकाच दिवशी उरकावं. तालीम चालू असताना घड्याळ लावून बॅटरी किती टिकते ते बघा आणि तो आकडा बॅटरीवरच चिकटवून ठेवा.

आणि मग लाईट जातात

पहिल्यांदा बॅकलाइट निम्म्यावर आणा. अंधाऱ्या खोलीत तेवढा पुरतो, आणि टीव्हीच्या विजेतला मोठा वाटा तोच खातो. बातम्या दर तासाला दहा मिनिटं बघा, मध्ये बंद. डिशचा बॉक्स मात्र सारखा बंद-चालू करू नका, तो उठायलाच दोन-तीन मिनिटं घेतो आणि त्या वेळीही बॅटरी जातच असते. मुलांना मालिका बघायची असेल तर बॅटरीवरचा चिकटवलेला आकडा दाखवा. वाद थोडक्यात मिटतो. सेलवर चालणारा साधा एफएम रेडिओ शेजारी असू द्या. टीव्हीचा आवाज त्यावर आता येणार नाही, पण बातम्या येतात आणि सेल कितीतरी तास पुरतात.

लाईट आल्याबरोबर मोठा टीव्ही लगेच लावू नका. सुरुवातीला दाब वरखाली होतो, कधी पुन्हा जातातही. दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात बॅटरी चार्जिंगला लावा, उद्यावर टाकू नका. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि पुढच्या वादळात चार तासांची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते.